जुने दुरंगी बूट: घालायचे असतील तर काय लावायचे, ठेवायचे असतील तर काय टाळायचे

आजोबांच्या पेटीतून पांढरा-तपकिरी चामडी जोड निघाला की आपल्याकडे खान्देशात पहिला सल्ला ठरलेला असतो: "खोबरेल लाई दे, नरम व्हई जाई." सल्ल्यामागची माया खरी असते. पण दुरंगी बुटाला सगळ्यात जास्त नुकसान तेलानेच होते, आणि मुरलेले तेल पुन्हा बाहेर काढता येत नाही. म्हणून हाताशी असलेले पर्याय इथे समोरासमोर ठेवले आहेत.

या बुटांत पुढचे टोक, टाचेचा भाग आणि बहुधा नाडीची पट्टी गडद असते. मधला भाग पांढरा किंवा सायीच्या रंगाचा असतो आणि गडद चामड्यावर नक्षीची बारीक छिद्रे असतात. अमेरिकेत यांना स्पेक्टेटर म्हणतात, ब्रिटनमध्ये को-रिस्पॉन्डंट. सामान शोधताना ही दोन्ही नावे कामाला येतात. असा पहिला जोड 1868 मध्ये क्रिकेटसाठी आपण बनवला, असा लंडनच्या जॉन लॉब या बूटकारांचा दावा आहे. फॅशन म्हणून हे बूट गाजले ते 1920 आणि 1930 च्या दशकांत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत किंवा अमळनेर-जळगावच्या गिरण्यांत आयुष्य काढलेल्या एखाद्या हौशी माणसाच्या पेटीत असा जोड निघाला तर नवल वाटायला नको.

आधी हे ठरवा: पायात की कपाटात?

बाकीचे सगळे निर्णय या एका उत्तरावर अवलंबून आहेत. पायात घालायच्या बुटाचे चामडे प्रत्येक पावलाला बोटांच्या मागे दुमडते, म्हणून त्यात थोडा ओलावा आणि स्निग्धपणा लागतो. नुसत्या ठेवायच्या बुटाला दुमडायचेच नसते, मग क्रीम कशासाठी? संग्रहालयांतले जतनतज्ज्ञसुद्धा जुन्या चामड्याला नेमाने तेल-क्रीम चोळण्याची पद्धत आता टाळतात. कारण त्या थरावर धूळ बसते, रंग गडद होतो आणि पुढे दुरुस्ती अवघड होते. आठवण म्हणून जपायचा जोड असेल तर मऊ ब्रशने धूळ काढा, आत आधार द्या आणि तिथेच थांबा. काहीच न लावणे हीसुद्धा काळजीच आहे, हे घरातल्यांना पटवायला वेळ लागतो, पण ते पटवावेच.

घालायचा विचार असेल तर तीन गोष्टी तपासा. बुटाच्या जिभेच्या (नाडीखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला कोरडे पांढरे कापड हलके घासा. त्यावर विटकरी भुकटी आली तर चामडे आतून कुजले आहे. अशा चामड्याला पाणी लागले की ते काळे पडून कडक होते, त्यामुळे तो जोड फक्त ठेवण्याचा. दुसरे, बोटांमागची घडी अंगठ्याने हळूच दाबा. नुसत्या सुरकुत्या दिसल्या तर हरकत नाही. भेग दिसली तर ती कोणत्याही क्रीमने सांधत नाही. फार तर भरून, रंगवून झाकता येते. तिसरा तळ. चामड्याचा तळ झिजला तर बदलता येतो. पण 1970 नंतरच्या जोडांना कधी पॉलियुरेथेनचा तळ असतो, आणि तो न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून विरघळत जातो. वरून धडधाकट दिसणारा असा तळ चालता चालता तुकड्यातुकड्यांनी सुटतो. नवरदेवाने आजोबांचे बूट मांडवात घालायचे ठरवले असेल, तर ही तपासणी निदान महिनाभर आधी करावी.

पांढरा भाग कशाचा आहे?

हे न बघता पुढे जाऊ नका. नितळ पांढरे चामडे बहुधा वरून रंगाचा थर दिलेले असते. पाण्याचा बारीक थेंब त्यावर काही क्षण टिकतो. स्वेड किंवा नुबक या लवदार चामड्यांवर बोट फिरवले की लव हलते आणि थेंब लगेच जिरतो. काही जोडांत पांढरा भाग जाड कापडाचा असतो. गडद भाग आरशासारखा चकाकत असेल तर ते पेटंट लेदर. त्याला मेण किंवा तेल अजिबात नको, ओलसर कापड पुरते.

शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांना लावतात तो खडू किंवा पांढरा द्रव इथे बऱ्याच जणांना आठवतो. कापडाच्या भागाला तो चालेल. पांढऱ्या स्वेडला कोरड्या खडूची भुकटी जुन्या काळापासून वापरतात, तीही चालेल. नितळ चामड्यावर मात्र हा द्रव सुरकुत्यांत साचतो, वाळून तडकतो आणि नक्षीच्या छिद्रांत पांढरे ठिपके सोडतो.

सफाई: ओलसर कापड, सॅडल सोप की थिनर?

मी नेहमी ओलसर कापडापासून सुरुवात करायला सांगेन. जुन्या बनियनचा तुकडा घट्ट पिळून घ्यायचा, इतका की दाबल्यावर थेंब पडू नये. पाणी मात्र बोअरचे नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला जे पांढरे क्षार चढतात, तेच चामड्यावर वाळून उरतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर घ्या. पांढरा आणि गडद भाग एकाच कापडाने पुसायचे नाहीत, आणि गडद भागाचा रंग कापडाला लागतो का, हे आधी टाचेजवळ बघून घ्यायचे.

सॅडल सोप जास्त मळ काढतो, पण तो साबण आहे, म्हणजे अल्कधर्मी. चामडे मुळात किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे वारंवार साबण लागला तर ते कोरडे आणि राठ होते. शिवाय फेस शिवणीतून पलीकडे जातो आणि तपकिरी रंग पांढऱ्यात ओढून आणतो. एकरंगी, रोजच्या वापरातल्या बुटाला सॅडल सोप उत्तम. दुरंगी जुन्या जोडासाठी मी तो घेणार नाही. चामड्यासाठीचे सौम्य क्लीनिंग लोशन मिळाले तर ते मधला मार्ग म्हणून चांगले. तेही कापडावर घ्यायचे, थेट बुटावर ओतायचे नाही.

थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांचा विचारच सोडा. ते मळासोबत वरचा रंगही उचलतात. पांढरा भाग उजळावा म्हणून दंतमंजन किंवा खायचा सोडा घासणारेही भेटतात. दंतमंजन पृष्ठभाग खरवडते. सोडा तर खरवडतोही आणि अल्कधर्मीही आहे. ब्लीच त्याहून वाईट. जुन्या पांढऱ्या चामड्यावर पिवळसर झाक येते, कारण वरचा थरच वयाप्रमाणे पिवळा होतो. ती घासून जात नाही. सायीचा रंग म्हणून ती स्वीकारलेली बरी.

आणि आपली काळी माती. पावसात लग्नाहून परतताना बुटाला ती चिकटली तर ओली असताना पुसू नका, पुसल्याने ती आत रगडली जाते. सावलीत पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने झटका. नक्षीच्या छिद्रांतला मळ लाकडी टूथपिकने काढा, सुईने नको.

खोबरेल, एरंडेल, व्हॅसलिन की क्रीम?

या जोडाचे भवितव्य खरे तर इथेच ठरते.

खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते. खान्देशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा त्याच्या बऱ्याच खाली जातो. मग चामड्यात मुरलेल्या तेलातले घट्ट घटक पृष्ठभागावर पांढुरके होऊन येतात आणि माणसाला वाटते बुरशी आली. दोन्हींतला फरक ओळखायला सोपी खूण आहे. बोटाच्या उबेने किंवा अगदी कोमट हवेने डाग विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी, तसाच राहिला आणि कुबट वास आला तर बुरशी. मे महिन्यात उलटे घडते. जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना तेल पातळ होऊन पसरते. दुरंगी बुटात एक चामडे दुसऱ्यावर चढवून शिवलेले असते. त्या सांध्यावर तेल वातीसारखे चढते आणि गडद भागाचा सुटा रंग सोबत घेऊन पांढऱ्या भागात उतरते. शिवणीलगत दिसणारी ती तपकिरी सावली पुसून निघत नाही.

शेंगदाण्याचे आणि मोहरीचे तेल हवेत हळूहळू चिकट आणि खवट होते. जवसाचे तर वाळून कडकच होते, ते मुळीच नको. एरंडेलाची बाजू मात्र मांडायला हवी. ते वाळत नाही, आणि जाड, रांगड्या चामड्याला ते लावणाऱ्या जुन्या माणसांना त्याचा गुण नेमका ठाऊक होता. पण ते घट्ट असते, धूळ धरते आणि रंग गडद करते. जाड वहाणेला चालणारी गोष्ट नाजूक पांढऱ्या चामड्याला सोसत नाही. नीट्सफूट (गुरांच्या पायाच्या हाडांपासूनचे तेल) आणि मिंक ऑइल (मिंक प्राण्याच्या चरबीचे तेल) यांबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. शेतातल्या, कामावरच्या बुटासाठी ती ठीक. व्हॅसलिन खवट होत नाही, पण मुरतही नाही. पृष्ठभाग तेलकट राहतो, आणि एप्रिलमधली धूळ त्यावर बसली की पांढऱ्याचा राखाडी होतो.

म्हणून घालायच्या जोडासाठी मी रंगहीन क्रीम घ्यायला सांगतो. त्यात पाणी, थोडे तेल आणि थोडे मेण एकजीव केलेले असते, त्यामुळे ते पातळ पसरते आणि मात्रा हातात राहते. साफिर किंवा कोलोनिलसारख्या परदेशी डब्या महाग पडतात. पण एका जोडाला वाटाण्याएवढे क्रीम पुरते, त्यामुळे डबी बरीच वर्षे जाते. बजेट नसेल तर साधे देशी न्यूट्रल शू क्रीम घ्या. एकदा भरपूर लावण्यापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असे अगदी थोडे लावणे आपल्या कोरड्या हवेला जास्त मानवते. स्वेड आणि कापडाला क्रीम लावायचे नाही.

पॉलिश: एकच डबी की दोन?

न्यूट्रल मेण-पॉलिश दोन्ही रंगांवर फिरवणे सोपे वाटते, पण गडद भागाच्या छिद्रांत ते वाळून पांढुरके दिसते. पांढऱ्याला रंगहीन आणि गडदाला त्याच्या रंगाचे क्रीम अशा दोन डब्या ठेवा. तपकिरी छटा बुटापेक्षा किंचित फिकी निवडा. चेरी ब्लॉसम किंवा किवीची मेणाची डबी चकाकीसाठी छान आहे, पण गडद टोकावर आणि टाचेवरच. घडी पडते तिथे मेणाचा जाड थर तडकतो.

आधी पांढरा भाग पूर्ण करा आणि वाळू द्या, मग गडद. शिवणीजवळ ब्रश नको. कानात घालायच्या कापसाच्या काडीने कडेपर्यंत यायचे आणि तिथून पुढे कापड बोटावर ताणून घासायचे. कडेला चिकटपट्टी लावून रंगवण्याची युक्ती नव्या बुटावर चालते, जुन्यावर ती काढताना वरचा थर सोबत येऊ शकतो. ब्रशही दोन हवेत, पांढऱ्याचा वेगळा. झटपट चकाकी देणारे स्पंज टाळा. त्यातले सिलिकॉन पृष्ठभागावर राहते आणि पुढे कधी रंगकाम करायचे झाले तर रंग धरत नाही.

कुठे ठेवायचे?

पत्र्याखालचा माळा, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट आणि आतल्या खोलीतले लाकडी कपाट यांत मी डोळे मिटून तिसरे घेईन. धाब्याच्या घरात वरून माती झरते, तिथे झाकण असलेला पुठ्ठ्याचा खोका हवाच. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र पावसाळ्यात ओल कोंडते आणि बुरशी धरते. मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवून घ्या, प्रत्येक बुटाला एक. गडद टाच दुसऱ्या बुटाच्या पांढऱ्या भागाला टेकून महिनोन्‌महिने राहिली तर रंग उतरतो.

आत लाकडी शू ट्री, म्हणजे बुटाचा आकार टिकवणारा साचा, सगळ्यात चांगली. नाहीतर कोरे कागद किंवा सुती चिंध्या भरा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्याला लागते. कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवायच्या असतील तर खोक्याच्या कोपऱ्यात पुडीत ठेवा, चामड्याला टेकवू नका. श्रावणात उघाड मिळाली की जोड बाहेर काढून सावलीत वारा द्या. ऊन नको, कितीही कुबट वास आला तरी.

घरी की कारागिराकडे?

धूळ, क्रीम, पॉलिश घरीच करा. शिवण उसवली, टाचेची पट्टी सुटली किंवा चामड्याचा तळ थोडा झिजला तर बसस्टँडजवळ बसणाऱ्या अनुभवी चर्मकार दादांकडे जा. हाताच्या शिवणकामात त्यांचा हात यंत्रापेक्षा सरस असतो, विशेषतः जुनीच छिद्रे वापरून नवा दोरा ओवायचा असेल तेव्हा. जोड देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: पॉलिश करू नका, तळाच्या कडेला काळा रंग फिरवू नका, चिकटवल्यावर उन्हात ठेवू नका. शक्य असेल तर शेजारी बसून करून घ्या. पांढऱ्या भागाचा थर सोलून निघत असेल, तो पूर्ण नव्याने रंगवायचा असेल किंवा तळ संपूर्ण बदलायचा असेल, तर पुण्या-मुंबईच्या चामडे-दुरुस्तीवाल्यांकडे पाठवायचा खर्च योग्य ठरतो. पाठवण्याआधी चारही बाजूंनी उजेडात फोटो काढून ठेवा आणि मूळ रंगाची छटा कोणती हवी, ते त्या फोटोवरच खूण करून कळवा.