चौदा महिने, सहा हजार किलोमीटर आणि एक गंजलेला हँडलबार

मेकॅनिकनं हँडलबारवरची टेप उलगडली आणि आधी काही बोललाच नाही, नुसतं नखानं टोकरून दाखवलं. आतलं ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं सुटून येत होतं. भुकटी पुसल्यावर खाली टाचणीचं डोकं बसेल एवढे खड्डे. मग म्हणाला, "मॅडम, सायकल समुद्रात घातलीसा काय?"

समुद्र कुठला, माझाच घाम. आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात बाहेर सायकल चालवणं म्हणजे आठवड्यातून एखादा दिवस मिळाला तर नशीब. बाकीचे दिवस सायकल खोलीत ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर. खिडकी बंद, कारण पाऊस आत येतो. तास-दीड तास पेडल मारताना हनुवटीवरून घाम टपटप हँडलबारवर पडतो, टेपमध्ये मुरतो आणि आतच राहतो. रस्त्यावर निदान वाऱ्यानं उडून जातो. हेडसेटचा, म्हणजे हँडल जिथे वळतं त्या सांध्याचा, वरचा बोल्टही तांबूस झालाच होता. तो दिसत होता म्हणून मी पुसत होते, टेपच्या आतलं कुणाला दिसणार? असा पोखरलेला बार एखाद्या उतारावर सरळ तुटू शकतो, म्हणून मुकाट्यानं बदलला. आता ट्रेनरवर बसताना बारवर जुना पंचा, समोर पंखा आणि उठल्यावर ओल्या फडक्यानं पुसणं. दुकानात हे कुणी सांगत नाही, तिथे सगळी चर्चा सायकल किती ग्रॅम हलकी आहे याचीच.

थोडं माझ्याबद्दल. वय चाळीस, औषधाचं दुकान आहे. सरावाला पहाटे साडेचार ते साडेसात एवढाच वेळ मिळतो. गेल्या वर्षी गणपती उठले आणि आठवड्याभरात सायकल घरी आली. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा, शिमानो कंपनीचे १०५ मॉडेलचे गिअर, एक लाख दहा हजार रुपये. डोळ्यासमोर होती गोव्याची आयर्नमॅन ७०.३ शर्यत, म्हणजे एकापाठोपाठ १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. (७०.३ हा आकडा मैलांचा. माझ्या नवऱ्याला तो अजून किलोमीटरच वाटतो आणि मी त्याची समजूत बदलत नाही, तेवढीच घरी काळजी कमी.) या नोव्हेंबरात ती झाली, ७ तास २० मिनिटांत. आजवर सायकलवर साधारण ६,००० आणि पायी १,३०० किलोमीटर. पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचा, मी काही पोडियमवाली नाही.

टायर. सायकलबरोबर २५ मिमी रुंदीचे आले होते, शंभर पीएसआय हवा भरून दगडासारखे. पहिल्या तीन महिन्यांत पाच पंक्चर. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून सुटलेले तारेचे बारीक तुकडे पडलेले असतात. केसासारखे, डोळ्यांना दिसत नाहीत. टायर उलटा करून आतून बोट फिरवलं की टोचतात तेव्हा कळतं. त्यात नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला. कागल-निपाणीकडे जाताना उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि रस्त्यावर चिरडलेल्या कांड्या. ओल्या चिपाडावरून चाक गेलं की साबणावरून गेल्यासारखं सरकतं. जानेवारीत २८ मिमीचे टायर टाकले, पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआय (माझं वजन ५८ किलो). त्यानंतर आजवर दोनच पंक्चर, आणि हातांना येणाऱ्या मुंग्याही गेल्या. वेग कमी झाला का? मला तरी जाणवला नाही. सगळ्या सामानात सर्वांत वसूल झालेला खर्च हाच. फक्त घेण्याआधी फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का ते बघा. आणि पिनेसारख्या लांब व्हॉल्व्हवर पेट्रोल पंपाची हवा चढत नाही, त्याला पितळेचं छोटं अडॅप्टर लागतं. ते पंक्चरच्या पिशवीत टाकून ठेवा, वाघबीळला चहाच्या टपरीवर बसून कुणाची तरी वाट बघायची वेळ येणार नाही.

मागचा लाल दिवा मी दिवसाही चालू ठेवते. त्या ट्रॉल्यांसारखं न दिसता चालणं मला नको.

चेन. पहिली २,६०० किलोमीटरमध्ये संपली, चेन किती ताणली ते मोजायचं गेज टाकलं तर ०.५ टक्क्याची खूण सरळ आत गेली. दोष माझाच. तेल भरपूर घालायचे आणि पुसायचे नाही. तेलाला धूळ चिकटते, त्याची काळी पेस्ट होते आणि ती कानशीसारखी चेन खाते. दुसऱ्या चेनला थेंबाथेंबानं घालायचं मेण वापरते. पावसात भिजली की त्याच दिवशी पुसून पुन्हा घालावं लागतं, कटकट आहे. पण ३,४०० किलोमीटर झाले तरी गेज अजून आत जात नाही.

आता सीट, आणि हे बायकांनी नीट वाचावं. सायकलबरोबर आलेल्या सीटवर चाळीस किलोमीटरनंतर बधिरपणा यायचा. मी समजत होते की सवय होईल. होत नाही! शेवटी दुकानातलं औषधांचं कोरुगेटेड खोकं फाडलं, पायरीवर ठेवलं, त्यावर गुडघे वर घेऊन मिनिटभर बसले. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले असतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं. माझं १२८ मिमी निघालं. त्याहून वीस-पंचवीस मिमी रुंद सीट घ्यायची असते. मी मध्ये खाच असलेली १५५ मिमीची घेतली. पन्हाळ्याचा चढ आता मी पायांना शिव्या देत चढते, सीटला नाही.

बिब शॉर्ट्सचं, म्हणजे खांद्यावर पट्टे आणि बुडाला पॅड असलेल्या सायकलच्या चड्डीचं, दुखणं वेगळं. इथल्या दुकानांत बायकांच्या मापाच्या मिळेनात. "मॅडम, पुरुषांची स्मॉल घ्या की" म्हणून दिली, तिच्या पॅडची शिवण नेमकी नको तिथे. दोन महिने सोसलं, मग बायकांची ऑनलाइन मागवली. साडेतीन हजार रुपये जिवावर आले होते, पण ती शंभराहून जास्त वेळा धुतली तरी पॅड बसलेलं नाही. उलटी करून सावलीत वाळवायची, सॉफ्टनर अजिबात नाही, आणि आत दुसरं काही घालायचं नाही. हे शेवटचं सासूबाईंना पटलेलं नाही. पहिल्यांदा दोरीवर वाळत घातली तेव्हा त्यांनी पॅड दोन बोटांत दाबून बघितलं होतं. "अगं, ही चड्डी हाय का गादी?"

शर्यतीला ट्रायसूट घातला, म्हणजे पोहणं, सायकल, धावणं तिन्हीला चालणारा एकच पोशाख. त्याचं पॅड पातळ असतं. पोहून आल्यावर पाणी धरत नाही, धावताना लोंबत नाही. सरावाला मात्र तो लांबच्या अंतरावर पुरत नाही.

क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकून बसणारे, बूट घेतलेत तर पडणार हे धरून चाला. मी तावडे हॉटेलच्या चौकात पडले, सिग्नलला, वेग शून्य. उजवा पाय सुटला आणि सायकल डावीकडे कलली. शेजारचा रिक्षावाला खाली वाकून अगदी गंभीरपणे म्हणाला, "ताई, स्टँड लावायचं विसरलासा काय?" आता सिग्नल दिसला की दोनशे फूट आधीच डावा पाय सोडते.

एअरोबार, म्हणजे कोपर टेकून पुढे वाकायचे लांब दांडे, हायवेच्या सरळ पट्ट्यावर आणि गोव्यात उपयोगी पडले. बाकी आपल्या रस्त्यांवर हात ब्रेकपासून दूर नेण्याची माझी तयारी नाही.

बाटल्यांचे पिंजरे स्वस्तातले घेऊ नका, एका खड्ड्यात माझी भरलेली बाटली उडून शेतात गेली. सवयीनं एक सांगते: ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खी ओतू नका.

घड्याळ चांगलं आहे, मनगटावरचे ठोके सोडून. धावताना ते कधीकधी ठोक्यांऐवजी पावलं मोजतं. निवांत पळत असताना १७० दाखवलं की घाबरायचं नाही, छातीचा पट्टा लावायचा. पट्टा दर वेळी पाण्यातून काढला नाही तर त्याचा वास कपाटातल्या साड्यांना लागतो.

धावायच्या बुटांचे तीन जोड झाले. रोजचा जोड ७८० किलोमीटर चालला. शेवटी उजव्या टाचेचा फोम एका बाजूनं इतका बसला की टेबलावर ठेवल्यावर बूट कलंडायचा. दुसरा जोड कार्बन प्लेटचा, म्हणजे तळात कार्बनची पट्टी असलेला वेगासाठीचा, सोळा हजारांचा. किलोमीटरला सात मिनिटं लावणाऱ्या माझ्यासारखीला तो नुसता शौक. दोन लांबच्या सरावांनंतर पोटऱ्या अशा भरून आल्या की दुकानात शिडी चढवेना. गोव्यात रोजच्याच मॉडेलचा नवा जोड घालून धावले. जुलैत रंकाळ्याभोवती धावून आल्यावर बूट वाळायला वर्तमानपत्राचे बोळे दोनदा बदलूनही दीड दिवस लागतो, म्हणून पावसाळ्यात दोन जोड हवेतच. आणि अडीचशे रुपयांच्या लवचीक नाड्या! ओल्या बोटांनी गाठी मारत बसलेली माणसं मी ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जाताना थांबायच्या जागी, पाहिली आहेत.

वेटसूट, म्हणजे गार पाण्यात पोहायचा रबरी पोशाख, मला एकानं जवळजवळ गळ्यात मारला होता. गोव्याच्या समुद्रात तो लागत नाही, पाणी कोमटच असतं. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा हा नियम मात्र घरीच दहा-वीस वेळा गिरवा, घाईत नेमकं तेच विसरतं.

शर्यतीनंतर गोव्यातल्या मिरामारहून परतण्याआधी हॉटेलच्या बागेतल्या नळीनं सायकल धुतली होती. तरी परवा शंका आली म्हणून नव्या बारवरची टेप सोडून बघितली. डाव्या ब्रेकच्या क्लॅम्पपाशी मोहरीएवढा पांढरा ठिपका आहे. पुसून घेतला, टेपच्या आतल्या बाजूला पेनानं तारीख लिहिली आणि पुन्हा गुंडाळली.