बंद खोलीत दोन्ही फ्लॅश पेटले होते

उन्हात, उघड्यावर फोटो काढायला पाठीवर नेता येईल असा फ्लॅशचा संच ज्यांना बेताच्या पैशात जुळवायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझे २६ हजार रुपये गेले. बहुतेक सगळे गेल्या लग्नसराईत बाजूला टाकलेले. ते परत मिळायची आशा मी जवळजवळ सोडलीय. पण ज्या युक्तीनं मी फसले ती फ्लॅशची नीट माहिती असलेल्या माणसाची युक्ती आहे, आणि तो माणूस अजून विकतोय.

मी साताऱ्याची. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं आणि गेली तीन वर्षं प्री-वेडिंग. प्री-वेडिंगवाल्यांना मेणवलीचा घाट हवा असतो, धोमचा काठ हवा असतो. तिथे प्लग कुठून आणणार? स्टुडिओचे लाईट घरीच राहतात. आतापर्यंत मी रिफ्लेक्टरवर, म्हणजे ऊन परतवून चेहऱ्यावर टाकणाऱ्या चकचकीत पडद्यावर, भागवत होते. माझा धाकटा भाऊ तो धरून उभा राहायचा आणि नवरीचे डोळे उन्हानं मिटायचे.

रिफ्लेक्टरच्या पुढे जायचं तर गणित असं आहे. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १०० आणि शटर १/२५० सेकंद ठेवला की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ १० च्या आसपास येतं. मागची झाडं धूसर करायला एफ २.८ वर, म्हणजे मोठ्या छिद्रावर, उतरायचं म्हटलं तर शटर १/३२०० पर्यंत पळवावा लागतो. कॅमेऱ्याचा साधा सिंक, म्हणजे शटरचा आणि फ्लॅशचा मेळ, १/२०० किंवा १/२५० ला संपतो, पुढे हायस्पीड सिंक लागतो आणि त्यात फ्लॅशचा जोर बराच कमी पडतो. म्हणून चेहऱ्यासाठी दांडगा फ्लॅश आणि मागून केसांवर उजेड टाकायला एक छोटा, असा माझा बेत होता. दांडगा म्हणजे गोडॉक्स एडी २००, २०० वॅट-सेकंदांचा, स्वतःची लिथियम बॅटरी असलेला. छोटा म्हणजे त्याच कंपनीचा टीटी ६००, चार पेन्सिल सेलवर चालणारा. दोघांना एकच रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसवून लांबून फ्लॅश पेटवणारं यंत्र) चालतो. वर सॉफ्टबॉक्स, छत्री, दोन स्टँड. सगळं नवं घ्यायचं तर माझा हिशेब ४५ हजारांच्या वर जात होता.

फोटोग्राफरांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच संच २८ हजारांना दिसला. चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर एकेक वस्तू मांडून काढलेले फोटो, ट्रायपॉडवरून काढल्यासारखे स्वच्छ. मी फोन केला. बोलणं गोड, 'ताई' म्हणून सुरुवात. म्हणाला, आता पूर्ण व्हिडिओकडे वळलोय, एलईडी घेतलेत, हे पडून आहे, कुणा गरजूच्या हातात गेलं तर बरं. फ्लॅशबद्दल जे विचारलं त्याचं अचूक उत्तर दिलं. माझा विश्वास बसला तो इथेच. ज्याला हायस्पीड सिंक समजावून सांगता येतो तो आपल्यातलाच, असं मी धरून चालले.

एसटीनं स्वारगेटला उतरले. जवळच्या एका हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये त्यानं बोलावलं होतं. बाहेर गर्दी आहे, आत निवांत बघता येईल, असं त्याचं म्हणणं. खोलीला पडदे, छत बुटकं, एक मिणमिणता दिवा. त्यानं दोन्ही फ्लॅश टेबलावर उभे केले, ट्रिगर माझ्याच कॅमेऱ्यावर चढवला आणि म्हणाला, मारा ताई. दाबलं की दोन्ही पेटायचे. दहा वेळा, पंधरा वेळा. एकदाही चुकले नाहीत. एडी २०० च्या पडद्यावरची बॅटरीची कांडी भरलेली दिसत होती. पॉवर कमी-जास्त करून दाखवा म्हटलं तर त्यानं तेही केलं.

त्या पंधरा मिनिटांत दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या आणि मला त्या दिसल्या नाहीत.

पहिली ही, की तो पॉवर दर वेळी फ्लॅशवरच्या चकतीनं बदलत होता, ट्रिगरवरून एकदाही नाही. टीटी ६०० रेडिओवर खरोखर जोडलेला असेल तर ट्रिगरवर त्याच्या पॉवरचा आकडा बदलला की फ्लॅशच्या पडद्यावरचा आकडाही बदलतो. त्या फ्लॅशचा रेडिओ मेलेला होता. त्यानं तो 'एस १' वर लावला होता. या मोडमध्ये फ्लॅश ट्रिगरचं काही ऐकत नाही, दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट दिसला की स्वतः पेटतो. बुटक्या छताच्या अंधाऱ्या खोलीत शेजारी एडी २०० पेटला की त्याला तो दिसणारच. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. रेडिओवर असता तर पडदा नारिंगी दिसला असता.

दुसरी गोष्ट, आम्ही सगळे फ्लॅश १/१६ पॉवरवर, म्हणजे पूर्ण जोराच्या सोळाव्या हिश्श्यावर, मारले. खोली छोटी आहे, डोळे दिपतील, असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. फुल पॉवरवर एकदाही मारून पाहिलं नाही.

शेवटची साताऱ्याची गाडी गाठायची होती. २६ वर सौदा ठरला. २० यूपीआयनं, सहा रोख. बिलाची झेरॉक्स दिली, त्यात सिरीयल नंबरवर शाई फुटलेली. मी विचारलं, तर मूळ बिल घरी आहे, व्हॉट्सअ‍ॅप करतो म्हणाला. ते आलं नाही.

पुढच्या रविवारी मेणवलीला काम होतं. दुपारी चारला घाटावर पोचलो. मंदिरात पेशव्यांच्या काळातली ती पोर्तुगीज घंटा आहे ना, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली, तिच्यापाशी जोडप्याला थोडा वेळ बसवलं आणि भावानं स्टँड उभे केले. टीटी ६०० मागे, पंधरा फुटांवर. एडी २०० सॉफ्टबॉक्समध्ये, चेहऱ्यांसमोर.

मागचा फ्लॅश पेटलाच नाही. आम्ही सेल बदलले, चॅनल बदलला, स्टँड पुढे आणला. उन्हात त्याला समोरच्या फ्लॅशचा उजेड ओळखूच येत नव्हता, आणि रेडिओ तर नव्हताच. शेवटी नाद सोडला आणि एकाच लाईटवर सुरू केलं. पहिले दहा-बारा फोटो सुरेख आले. नदीवर ऊन, चेहऱ्यावर मऊ उजेड, इतक्या वर्षांत मला हवं होतं ते पडद्यावर दिसत होतं. मग फ्लॅश पुन्हा तयार झाल्याची शिटी उशिरा वाजायला लागली. दोन सेकंदांऐवजी पाच, मग दहा. फाईलचे नंबर मी नंतर मोजले, सदतिसाव्या फोटोनंतर तो बंद पडला. या बॅटरीवर फुल पॉवरचे साधारण ५०० फ्लॅश निघतात असं कंपनी सांगते. जुनी बॅटरी, दोनशेवर थांबली असती तरी मी काही म्हटलं नसतं.

नवरामुलगा चांगला होता. "मॅडम, होतं असं," म्हणाला. त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे मात्र मला बघवलं नाही. चार हजार परत दिले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शूट करून दिलं, रिफ्लेक्टरवर.

त्या रात्री विकणाऱ्याला फोन केला. एकदा उचलला. "ताई, तुम्ही स्वतः मारून बघितलेत ना?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद आणि ग्रुपमधूनही गायब.

आमच्याकडे कॅमेरे, फ्लॅश दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी माझ्यासमोर बॅटरी उघडली. मूळ बॅटरीत चार एकसारखे लिथियम सेल असतात, एकामागोमाग जोडलेले, मिळून १४.४ व्होल्ट. इथे चार सेल दोन रंगांचे होते आणि पट्ट्या हातानं डाग मारून चिकटवलेल्या. काका म्हणाले, हे जुन्या लॅपटॉपमधून काढलेत. स्वस्थ बसलेल्या अशा बॅटरीचं व्होल्टेज ठीक दिसतं, म्हणून कांडी भरलेली दिसते. फुल पॉवरनंतर फ्लॅश पुन्हा भरताना एकदम जोरात करंट ओढतो, तो द्यायची या सेलची ताकद नसते. व्होल्टेज कोसळतं आणि फ्लॅश झोपतो. १/१६ वर त्याला तेवढं ओढावंच लागत नाही. टीटी ६०० उघडला तर रेडिओच्या बोर्डावर हिरवट बुरशीसारखा थर. पावसात भिजलेला फ्लॅश.

मग काकांनी विचारलं, "चार्जिंगला कुठे लावत होतीस?" मी म्हटलं, आतल्या खोलीत, रात्रभर. त्याच खोलीत माझी दोन भाचरं झोपतात. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. असे मिसळलेले लिथियम सेल चार्जिंगला तापून पेटू शकतात. पैशांचा राग एका बाजूला, पण त्या माणसाला हे माहीत होतं. ज्यानं ती बॅटरी सांधली आणि वर मूळ कंपनीचं कवच बसवलं, त्याला ती कुणाच्या तरी घरात रात्रभर प्लगला राहणार हे माहीत होतं. त्याला मी माफ करणार नाही.

पोलीस ठाण्यात गेले. अर्ज घेतला. फसवणुकीचं पूर्वीचं ४२०, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, माल बघून घेतला होता ना? जाणूनबुजून दोष लपवला हे दाखवावं लागेल म्हणाले. काकांनी लिहून दिलेला कागद, उघडलेल्या बॅटरीचे फोटो, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट असं सगळं जोडलंय. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवरही फोन केला होता. पैसे ऑनलाईन लुटले गेले असतील तर तो नंबर पहिल्या तासाभरातच लावा. माझे जाऊन तोवर नऊ दिवस झाले होते, आणि मी ते राजीखुशीनं पाठवले होते.

काकांनी मला तपासायची एक सोपी रीत शिकवली, ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. छोटा फ्लॅश काळ्या कापडात पूर्ण गुंडाळायचा आणि ट्रिगर दाबायचा. रेडिओवर असेल तर कापडाच्या आत पेटतोच, कडेनं उजेड दिसतो. दुसऱ्याचं बघून पेटणारा गप्प राहतो. मोठ्या फ्लॅशचे फुल पॉवरवर सलग पन्नास फोटो भिंतीकडे तोंड करून मारायचे आणि पहिला नि पन्नासावा शेजारी ठेवून बघायचे. मध्ये बॅटरीला हात लावायचा, फार तापली तर तिथेच थांबायचं. विकणारा घाई करत असेल तर उठून यायचं. आणि हे सगळं दुपारी, रस्त्यावर, पन्नास पावलं लांब उभं राहून करायचं, कारण आपण तो फ्लॅश तिथेच वापरणार असतो. मी उन्हासाठी लाईट घ्यायला गेले आणि पडदे ओढलेल्या खोलीत तो पारखला.

सेलबद्दल एक राहिलं. त्यानं वर फुकट म्हणून आठ रिचार्जेबल पेन्सिल सेल दिले होते, त्यांच्यावर क्षमता ४७०० एमएएच छापलीय. पेन्सिल आकाराच्या निकेल सेलमध्ये २८०० च्या पुढे काही मावत नाही. असा आकडा कुठेही दिसला तरी तो सेल खोटा.

सध्या माझ्याकडे बिलासकट घेतलेला एक नवा टीटी ६००, एक ट्रिगर, एक पांढरी छत्री आणि चांगले आठ सेल आहेत. छत्री जोडप्यापासून तीन फुटांवर आणते आणि वडाच्या सावलीत किंवा सूर्य डोंगराआड गेल्यावर काम करते. गाईड नंबर ६० हा फ्लॅशच्या जोराचा आकडा त्याचा झूम २०० वर नेऊन मोजलेला असतो, छत्रीतून त्यातलं थोडंच उरतं, पण सावलीत तेवढं पुरतं. एडी २०० चं धूड काकांकडे आहे. त्यात नवी बॅटरी घातली की चालेल असं ते म्हणतात. तेवढे पैसे दिवाळीनंतर जमतील.

गेल्या मंगळवारी दुसऱ्या एका ग्रुपवर तीच जाहिरात आली. नंबर वेगळा, नाव वेगळं, 'व्हिडिओकडे वळलोय' हे वाक्य तेच आणि टेबलक्लॉथही तोच, डाव्या कोपऱ्यात चहाचा डाग असलेला. मी तिथे लिहिलं, तर तासाभरात जाहिरात गेली. पोलीस म्हणालेत, आणखी तक्रारदार पुढे आले तर प्रकरणाला वजन येईल. त्या टेबलक्लॉथवरचं काही तुम्ही विकत घेतलं असेल, तर चॅट पुसू नका, बॅटरी चार्जिंगला लावू नका आणि मला कळवा. अर्ज आपण बरोबरच देऊ.