चपट्या प्लगचे 40,050 रुपये

टोकन 5,000. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर 2,200. 'निम्मे आगाऊ' 29,000. ट्रान्सपोर्टचा 'परत मिळणारा' विमा 3,850. एकूण 40,050 गेले, पण त्यातल्या 2,200 ची आग काही विझत नाही.

वस्तू म्हणजे मॅरँट्झ 2270, सत्तरच्या दशकातला निळ्या डायलचा रिसीव्हर, रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. किंमत 68,000. विकणारा ठाण्यातलं शोरूम बंद करतोय म्हणाला. लोक येऊन तासभर ऐकतात आणि घेतात ऑनलाइन, भाडंही सुटत नाही. यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? मी स्वतः दहा वर्षं हेच रडगाणं गातोय. पुण्यात तपकीर गल्लीजवळ आमच्या शेठचं दुकान होतं. आपली कॅसेट न्यायची, ते दोन अँप्लिफायर आळीपाळीने लावून दाखवायचे. "गाणं नंतर, आधी तंबोरा ऐका. जवारी, तारांची ती गुंजणारी झणझण, ऐकू आली तरच पैसे काढा." तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

ऐकायला येतो म्हटलं, तर "काका, सगळं पॅक झालंय, व्हिडिओ पाठवतो." आणि मी फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर तंबोरा शोधत बसलो!

त्या व्हिडिओत वायरच्या टोकाला दोन चपट्या पात्यांचा प्लग होता. मागच्या पॅनलवर 120 व्होल्ट. मी थांबवून, मोठं करून वाचलं. ठाण्याच्या दुकानातला सेट अमेरिकन प्लगवर कसा वाजतोय, हे विचारायचं सोडून मी विचारलं काय, तर "आपल्या 230 वर जळेल ना?" क्षणात उत्तर : "काका, तुम्ही जाणकार दिसता. ट्रान्सफॉर्मर देतो, 2,200 होतील." जाणकार! त्या एका शब्दावर तीन मिनिटांत पैसे पाठवले. आणि मी लॉटरीच्या मेसेजला भुलणारा नाही हो, चेक दोनदा वाचून सही करणारा माणूस आहे.

व्हिडिओ नको, व्हिडिओ कॉल मागा. आजचं वर्तमानपत्र सेटवर ठेवायला सांगा.

पार्सलची वाट बघत नऊ दिवस घालवले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो, तो मी दहाव्या दिवशी केला. बँकेत उत्तर : पिन तुम्हीच टाकलात. चौकीत पहिला प्रश्न : "जुन्या रेडिओला चाळीस हजार?" शेजारचा हवालदार हसला. मग म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणतात, तुमच्या हद्दीतल्या चौकीत अर्ज द्या. त्या अर्जाच्या झेरॉक्सचे आणि रिक्षाचे मिळून आणखी 640 गेले. चौथ्या खेपेला साहेब रजेवर. तोवर सगळ्या टेबलांवर माझं नाव 'रेडिओवाले काका' पडलेलं. खातं कुणाचं, गोठवलं का, हे सांगायला कुणी तयार नाही. आणि एकाने वर सल्ला दिला, एवढ्यात नवा साउंडबार आला असता की!

बायकोला अजून 5,000 च सांगितलेत.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला. विकणाऱ्याचं नाव वेगळं, ठाण्याऐवजी वडोदरा, किंमत 54,000. प्लग तोच.