स्प्रे, क्रीम की कंडोम: शीघ्रपतनावर मेडिकलमधून काय घ्यावं?

मेडिकलच्या काउंटरवर मागे चार माणसं उभी असताना 'शीघ्रपतन' हा शब्द तोंडातून निघत नाही. मग दुकानदार जे पुढे करेल ते खिशात जातं आणि आतला कागद न वाचताच वापरलं जातं. माझी सगळी काळजी त्या न वाचलेल्या कागदाची आहे.

आधी एक आकडा. २००५ मध्ये पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून प्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतची वेळ मोजली. मधला आकडा निघाला ५.४ मिनिटं. सुरुवातीपासून असलेलं शीघ्रपतन डॉक्टर ठरवतात ते साधारण एका मिनिटाच्या आत नेहमीच वीर्यपतन होत असेल, त्यावर ताबा राहत नसेल आणि त्याचा मनाला त्रास होत असेल तर. चार-पाच मिनिटं टिकणाऱ्या पुरुषाला बहुधा यातलं काहीच लागत नाही.

स्प्रे, क्रीम, कंडोम हे तिन्ही उपाय त्वचा थोडी बधिर करतात; बेन्झोकेन, लिग्नोकेन, प्रिलोकेन ही त्यांतली बधिर करणारी औषधं. पहिल्यांदाच वापरणार असाल तर मी बेन्झोकेनचा कंडोम सुचवेन. औषध टोकाला आतल्या बाजूला असतं, मात्रा ठरलेली असते, आणि जोडीदारापर्यंत ते फारसं पोचत नाही. मात्र कंडोम उलटा चढवला तर बधिर ती होईल. तसं झालं तर तो टाकून नवा घ्या.

लिग्नोकेनच्या स्प्रेत मात्रा तुमच्या हातात असते, हा त्याचा फायदा आणि तोच धोकाही. दोन-तीन फवाऱ्यांपासून सुरुवात करा, दहा मिनिटं थांबा, मग नीट धुवा किंवा पुसा. हे धुणंच लोक गाळतात. न धुतलेलं औषध योनीत जातं, मुखमैथुनात जीभ आणि घसा बधिर करतं. घशाच्या तपासणीसाठीचा १० टक्क्यांचा स्प्रे स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. त्यात अल्कोहोल असतं आणि नाजूक त्वचेवर आग होते.

लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम मी शेवटी ठेवेन. ते सुई टोचण्याआधी त्वचा बधिर करायला बनवलेलं आहे. लिंगाची त्वचा पातळ, त्यामुळे १५-२० मिनिटांत काम होतं. अर्धा-पाऊण तास ठेवलं तर संवेदनाच जाते, ताठरता उतरते आणि माणूस वेगळाच आजार झाला म्हणून घाबरतो.

जी-६-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर प्रिलोकेन आणि बेन्झोकेन दोन्ही टाळा. हृदयाच्या ठोक्यांवर गोळ्या चालू असतील किंवा जोडीदार गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. जखम, पुरळ असेल तर नाही. दोन उपाय एकत्र तर कधीच नाहीत. त्रास अलीकडेच सुरू झाला असेल किंवा ताठरतेचीही अडचण असेल, तर थायरॉइड, प्रोस्टेट, मधुमेह तपासून घ्या. स्प्रेने ते झाकलं जातं. घटक न छापलेली तेलं मी या तुलनेत घेतलीच नाहीत. तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

पहिल्यांदा वापरताना आदल्या दिवशी एकट्याने थोडंसं लावून पाहा, आणि जोडीदाराला सांगून वापरा. लाली, सूज आली तर धुऊन टाका. ओठ-नखं निळसर दिसली, दम लागला, चक्कर आली तर लाजू नका: थेट दवाखाना गाठा आणि औषधाचा खोका सोबत न्या.