आरओ की यूव्ही? आधी आपला नळ बघा

पाण्याचा प्युरिफायर घ्यायला गेलं की दुकानदार आधी आरओच, म्हणजे दाबाने पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारा, पुढे करतो. नवी मुंबईत नेरूळच्या आमच्या घरात सात वर्षं आरओ होता, आता दोन वर्षं यूव्ही-यूएफ आहे, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा आणि सोबत बारीक गाळणी असलेला. ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव.

आमच्याकडे मोरबे धरणाचं, म्हणजे मुळात डोंगरउतारावरून आलेलं पावसाचं पाणी येतं. माझ्या मीटरवर त्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ७०-८० मिलिग्रॅमच्या पुढे क्वचितच गेलाय. भारतीय मानकानुसार ५०० पर्यंत चालतो. अशा पाण्याला आरओ लावला की ते बेचव होतं. मग मेकॅनिक टीडीएस कंट्रोलर फिरवून त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळून देतो. काढलेले क्षारच पुन्हा घालायचे, तर ते काढले कशाला, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

तरी निर्णय चवीवर झाला नाही, आरओ नको असलेलं पाणी ज्यातून बाहेर टाकतो, त्या सिंकमध्ये सोडलेल्या बारीक नळीवर झाला. एका उन्हाळ्यात पाणीकपात सुरू होती, तेव्हा मी नळीखाली बादली ठेवली. चौघांचं पिण्या-स्वयंपाकाचं बारा लिटर पाणी भरेपर्यंत पस्तीसेक लिटर बाहेर पडायचं. फरशी, भांडी, कुंड्या, सगळीकडे वापरून पाहिलं. पावसाळ्यात कुंड्यांना पाणी नको आणि फरशी वाळत नाही. आई पहाटे उठून कंबर धरत भरलेली बादली उचलायची, ते बघवेना. नळी पुन्हा सिंकमध्ये गेली. महिन्याला हजार लिटर पाणी, तेही शुद्ध करून, पंपाने वर चढवलेलं.

कोणी म्हणेल, ते मलनिःसारण केंद्रात जातंच की. जातं, पण तिथून बरंचसं खाडीला मिळतं. डच जलतज्ज्ञ आर्येन हूकस्ट्रा यांनी २००२ मध्ये वॉटर फूटप्रिंटची, म्हणजे एखाद्या गोष्टीमागे एकूण किती पाणी खर्च होतं ते मोजण्याची, कल्पना मांडली. त्या हिशेबात धरण-नदीचं पाणी आपल्या खोऱ्यात न परतता समुद्राला मिळालं, तर ते खर्चीच पडतं. एक किलो तांदळामागे जगाच्या सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी लागतं. त्यापुढे आमची नळी लहानच. पण कोकणातला भात मुख्यतः पावसावर होतो, नळीतलं पाणी मात्र धरणातलं.

यूव्हीचा त्रास नाही असं नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की आधीची गाळणी लवकर भरते, आणि गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश नीट पोचत नाही, म्हणून ती वेळेवर बदलावीच लागते. दिवाही साधारण वर्षाने. शिवाय यूव्ही क्षार काढत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला माझ्या बहिणीकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी येतं, भांड्यांवर पांढरा थर बसतो, मीटर ६०० च्या वर जातो. तिला मी आरओच घ्यायला सांगितलं.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये हेच म्हटलं होतं: टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको, आणि जिथे हवा तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे. त्यामुळे घेताना रिकव्हरी किती, म्हणजे आत गेलेल्यापैकी किती पाणी प्यायला मिळतं, ते जरूर विचारा. आणि डेमोला माणूस आला की आपल्याच नळाचं पाणी त्याच्यासमोर मीटरने मोजा. माझ्या मते नेरूळ-वाशीच्या बहुतेक घरांना यूव्ही पुरेल.

बहिणीच्या आरओची नळी आम्ही बाथरूमच्या फ्लशच्या टाकीत सोडली आहे.