जुना पीसी देताय? रिसेट, सिक्युअर इरेज की डिस्कच काढून ठेवायची?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न चालणारा पीसी कुणी त्र्यंबकच्या शाळेला देतंय, कुणी नाशिकच्या एम. जी. रोडवर विकायला नेतंय, कुणी सरळ भंगारात घालतंय. आत मात्र आधार-पॅनचे स्कॅन, सातबारा, बँकेची स्टेटमेंट तशीच पडलेली असतात. पीसी कुणाकडे जाणार आणि आत डिस्क कोणती, यावर पद्धत ठरवा. एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क), ते विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये दिसतं.

हार्ड डिस्कवर नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट मारलं तर पुसली जाते ती अनुक्रमणिका, मजकूर जागेवरच राहतो. रेकुव्हासारखं फुकट सॉफ्टवेअर तो परत काढून देतं. म्हणून नुसत्या डिलीट-फॉरमॅटवर अजिबात विसंबू नका.

शाळेला किंवा नात्यात द्यायचा असेल तर विंडोजचं रिसेट सोयीचं, कारण पीसी चालू स्थितीत हातात पडतो. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'चेंज सेटिंग्ज' उघडा. तिथे 'क्लीन डेटा' आधी बंद असतं, ते चालू करा. सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल काढायचा वेगळा पर्याय असतो, तोही चालू करा; नाहीतर सी ड्राइव्ह चकाचक आणि लग्नाचे फोटो डी ड्राइव्हवर जसेच्या तसे! आपल्याकडे महत्त्वाचं सगळं डी मध्येच ठेवायची सवय, म्हणून मुद्दाम सांगतो. १ टीबीच्या हार्ड डिस्कला काही तास लागतात, तेव्हा लॅपटॉप चार्जरला लावूनच सुरुवात करा.

गिऱ्हाईक अनोळखी असेल तर मी रिसेटवर थांबणार नाही. हार्ड डिस्क असेल तर पेन ड्राइव्हवरून श्रेडओएस हे डिस्क पुसायचं फुकट सॉफ्टवेअर चालवून पूर्ण डिस्क ओव्हरराइट करावी, म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काही लिहून तो पुसावा. ३५ वेळा पुसायचा सल्ला १९९६ चा, आजच्या डिस्कला एक फेरी पुरते. एसएसडीला मात्र ओव्हरराइटचा भरवसा नाही. तिचा कंट्रोलर लिहिताना जागा बदलत राहतो, त्यामुळे जुना डेटा राखीव भागात उरू शकतो. तिथे बायोसमधलं (पीसी सुरू होताना उघडणारी सेटिंग्ज) किंवा डिस्क कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज, म्हणजे डिस्कला स्वतःलाच सगळं पुसायला लावणारा आदेश, वापरा. बहुतेकदा काही मिनिटांत होतं.

दवाखाना, सीए किंवा वकिलाच्या ऑफिसातला पीसी असेल, तर त्यात दुसऱ्यांची गुपितं असतात. तिथे माझं मत स्पष्ट आहे: डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. जागी छोटी नवी एसएसडी बसवून दिलीत, तर आधी हार्ड डिस्क असलेला पीसी घेणाऱ्याकडे आणखी जोरात चालेल.