कागदी घोडे

रिमॅप करून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर ताकद वाढवण्यासाठी बदलून घेऊन, गाडी हातात आली त्या दिवशी मला खरंच वाटलं की इंजिनच बदललंय. पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळायची. त्या आनंदात मी ट्यूनरला, म्हणजे रिमॅप करणाऱ्याला, फोन करून त्याचे आभारसुद्धा मानले. पैशांपेक्षा तो फोन जास्त टोचतो.

गाडी छोटी, टर्बो पेट्रोल, कंपनीचे १४० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर). बजेट बेताचं, त्यामुळे मोठा टर्बो, इंटरकूलर असल्या गोष्टींचा विचारच नव्हता. नुसता स्टेज १ रिमॅप हवा होता, म्हणजे पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअर. टर्बो पेट्रोलला चांगल्या रिमॅपने २० ते ३० टक्के ताकद वाढू शकते, एवढं मला माहीत होतं. (टर्बो नसलेल्या इंजिनाला कुणी हाच आकडा सांगितला तर तिथूनच गाडी वळवा.) इतरांच्या निम्म्या पैशांत करून देणारा एकजण भेटला. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी परत मिळाली, सोबत डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, रंगीत कागद: आधी १४०, नंतर १७८. म्हणजे २७ टक्के. आकडा अगदी पटेल एवढाच फुगवला होता, हे आता कळतं.

महिनाभराने भर उन्हात, गाडी माणसांनी भरलेली, लांबलचक चढ. इंजिनातून टकटक यायला लागली. नॉकिंग, म्हणजे इंधनाचा आत भलत्या वेळी भडका. ट्यूनर म्हणाला, "दादा, पेट्रोल खराब असेल. जास्त ऑक्टेनचं भरा." भरलं. टकटक कमी झाली, गेली नाही.

मग एक साधा ओबीडी स्कॅनर घेतला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा. सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, नुसता स्विच ऑन करून बघितलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) २२ अंश आणि इंजिनात शिरणारी हवा उणे ६! रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखेच असायला हवेत. हवेच्या तापमानाच्या सेन्सरची वायर चाचपत गेलो, तर काळ्या टेपखाली एक रेझिस्टर, विजेला अडवणारा छोटा पार्ट. हवा गार झाली की या सेन्सरचा रेझिस्टन्स वाढतो; मध्ये फुकटचा रेझिस्टर घातला की ईसीयूला हवा कायम थंडगारच वाटते. मग गरम हवेत इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जेवढं मागे घ्यायला हवं तेवढं ते घेत नाही, इंजिन नॉक करतं, आणि नॉक सेन्सरने ते ऐकलं की ईसीयू टायमिंग आणखी मागे ओढतो, ताकद घटते. म्हणजे पैसे मोजून मी ताकद कमी करून घेतली होती.

पण मग ते उसळणं? अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलजवळ, कनेक्टरच्या मधोमध एक डबा बसवलेला होता. पाय अर्धा दाबला की तो ईसीयूला सांगतो, पाऊण दाबलाय. पूर्ण दाबल्यावर मात्र पूर्णच, त्याच्या पुढे काय सांगणार? तरी शहरात गाडी तुफान वाटते, कारण शहरात पूर्ण पॅडल दाबतो कोण?

ईसीयूला त्याने हात तरी लावला होता का? ओबीडीतून कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक) आणि सीव्हीएन वाचता येतात. सीव्हीएन म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरवरून निघणारा पडताळणीचा आकडा. मॅप बदलला की तो बदलतो. माझ्याकडे गाडी घेतानाचा स्कॅन रिपोर्ट होता. दोन्ही आकडे जसेच्या तसे. काही ट्यूनर मुद्दाम जुनाच सीव्हीएन दाखवतात, म्हणून तेवढ्यावर मी थांबलो नाही. कागद पुन्हा काढला.

टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये) आणि पॉवर एकमेकांपासून सुटे नसतातच. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणा, ७०२३ ने भागा, पीएस मिळतात. डायनो कुठलाही असो. 'आधी'च्या रेघेवर ५५०० आरपीएमला १७९ न्यूटन-मीटर, म्हणजे १४० पीएस. बरोबर. 'नंतर'च्या रेघेवर त्याच आरपीएमला २०० न्यूटन-मीटर. हिशोबाने १५७ पीएस येतात, छापलेत १७८. टॉर्कची रेघ जरा उचलली, पॉवरची जरा जास्तच, आणि दोघींचा मेळ घालायचं राहून गेलं. शाळेतला गुणाकार-भागाकार. पहिल्याच संध्याकाळी पाच मिनिटांत झाला असता.

मूळ फाइल आणि नवी फाइल, दोन्ही मागितल्या. आधी "देता येत नाहीत" झालं, मग "हार्ड डिस्क उडाली", मग फोन उचलणंच बंद. माझ्याकडे ना पावती, ना काय काम केलं याचा एक शब्द लिहून घेतलेला. तक्रार करायला गेलो तर हातात तोच रंगीत कागद.

रेझिस्टर काढला, टकटक थांबली. डबाही काढला. निदान तेवढे पैसे तरी सुटतील म्हणून विकायला ठेवावा असं मनात आलं, फोटोही काढला. मग जाहिरातीत काय लिहायचं तेच सुचेना. डबा अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे.